होडीवर नंबर रंगवणाऱ्या बाईच्या फोटोबाबत

जबाब देणार: ‘फिरस्ती’ या नावाने काम करणारी, वय ४४ वर्षे, व्यवसाय स्वतंत्र प्रवास-छायाचित्रण, राहणार पाण्याच्या टाकीमागील गल्ली, मोठ्या भावाच्या घराचा वरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, मला विचारलेल्या प्रश्नांवरून, घडली ती हकीकत सांगते ती अशी:

मी वरील पत्त्यावर राहते म्हणण्यापेक्षा तिथे माझे सामान राहते. वर्षातले बरेच महिने मी प्रवासात असते. कोणत्याही वर्तमानपत्राची किंवा कंपनीची मी नोकर नाही. बस, बोट, मिळेल त्या वाहनाने जाते, साध्या खोलीत उतरते, फोटो काढते आणि प्रवासाचे लिहून ते फोटो इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकते. काही फोटो मासिके घेतात, काही लोक भिंतीवर लावायला मोठे करून मागवतात. त्यावर माझे भागते. भाऊ म्हणतो, “हिचं घर म्हणजे धुणं टाकायला उतरायचं स्टेशन.” वहिनी धुणे वाळत घालते.

पान पाहणारे लोक मला ताई म्हणतात. प्रत्येक फोटोखाली मी जागेचे नाव, तिथे कसे जायचे, कुठे उतरायचे हे लिहिते. लोक त्यावरून खरेच जातात आणि परत आल्यावर कळवतात. विचारल्यावरून सांगते की, माणसाचा फोटो काढायच्या आधी मी त्याला विचारते आणि तो सगळ्यांना दिसेल हेही सांगते.

गेल्या थंडीत मी एका बंदरावर होते. तिथे होड्या दुरुस्त करण्याचा कारखाना आहे. पत्र्याची मोठी शेड, समोर पाण्यातून ओढून वर घेतलेल्या होड्या. सकाळची वेळ होती. एक बाई फळीवर उभी राहून होडीच्या पुढच्या टोकावर नंबर रंगवत होती. ऊन पाण्यावरून उलटून तिच्या चेहऱ्यावर येत होते. ब्रश धरलेला डावा हात डोक्याच्या वर होता. मी फोटो काढू का असे विचारले. ती म्हणाली, “माझा कसला काढता? नंबराचा काढा, सुबक आलाय.” मी म्हटले, दोघांचा काढते. ती हसली, तोच हा फोटो. पानावर टाकू का, असेही विचारले. “टाका की. मला कोण ओळखतंय,” असे ती म्हणाली. कारखान्याचे मालक मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, “जागेचं नाव तेवढं टाकू नका हो बाई. बघे जमले की आमची कामं खोळंबतात.” म्हणून त्या एका फोटोखाली मी जागेचे नाव लिहिले नाही.

तो फोटो पुष्कळ लोकांनी पाहिला, एकमेकांना पाठवला. काही आठवड्यांनी एका माणसाने निरोप पाठवून जागा विचारली. मी कळवले की मालकांच्या इच्छेवरून सांगता येत नाही. त्याने घरी येऊन भेटण्याची परवानगी मागितली. हे गृहस्थ म्हणजे प्रस्तुत प्रकरणातील अर्जदार. त्यांचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. त्यापूर्वी मी त्यांना ओळखत नव्हते.

ते रविवारी सकाळी आले. सोबत त्यांची आई होती. वहिनीने वर चहा आणून दिला. माझ्या टेबलावर पाठवायचे प्रिंट पसरलेले होते. अर्जदाराने खिशातून लग्नातला फोटो काढून त्यावर ठेवला.

“ही माझी बायको. नऊ वर्षं झाली. नदीच्या पुलावर तिची चप्पल सापडली होती. तिच्या नावानं रडून मी मोकळा झालो होतो, आणि तुमच्या फोटोत ती हसतेय.”

त्यांचे डोळे भरून आले. वहिनीचेही आले. लग्नातल्या फोटोतली मुलगी आणि होडीवरची बाई एकच आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

“फक्त गावाचं नाव सांगा,” अर्जदार म्हणाले. “बाकी मी बघतो.”

मला त्यांचे दुःख खरे वाटले. आजही ते सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. कुणाचे गेलेले माणूस आपल्या फोटोमुळे सापडले, या विचाराने मला त्या वेळी आनंद झाला होता. मी नाव सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात अर्जदाराच्या आईच्या हातातला कप आडवा झाला आणि चहा सगळ्या प्रिंटवर गेला.

“हात थरथरतो तिचा,” अर्जदार म्हणाले. “जा, धुऊन ये.”

मी त्यांना मागच्या बाजूला बेसिनकडे नेले. मी नळ सोडला. त्यांनी तो आणखी मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, “पोरी, गावाचं नाव तोंडातून काढू नकोस.”

मी म्हटले, “मावशी, तुमची सून आहे ना ती?”

“म्हणून तर सांगते. त्या दिवशी तिच्या खोलीची बाहेरून लावलेली कडी मीच काढली. चप्पल पुलावर मीच नेऊन टाकली.”

त्यांनी सावकाश हात पुसले. म्हणाल्या, “फोटोत तिचा हात डोक्याच्या वर गेलाय. माझ्या घरात तो खांद्याच्या वर जात नव्हता. फोटो दाखवल्यापासून मी तेवढंच बघतेय.” नंतर म्हणाल्या, “कप मुद्दाम पाडला. तुझं काम खराब झालं, राग मानू नकोस.”

खांद्याला काय झाले होते ते मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

बाहेर येऊन मी अर्जदाराला म्हटले की, त्या प्रवासात मी बरीच बंदरे फिरले, नक्की कोणते ते आठवत नाही, बघून कळवते. हे मी खोटे बोलले. अर्जदाराने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि आभार मानले. जिना उतरताना त्यांनी आईला हाताला धरून एकेक पायरी सांभाळून उतरवले. ते पाहून वहिनी मला म्हणाली, “किती जपतो आईला! तुझं काय जातंय सांगायला? नाव सांगितलं असतंस तर बिचाऱ्याचा संसार परत लागला असता.” बेसिनजवळचे बोलणे मी तिला सांगितले. वहिनी उठून खाली गेली आणि जिन्याचे दार लावून आली.

तो फोटो मी त्याच दिवशी पानावरून काढला. परंतु लोकांनी पाठवलेल्या प्रती सगळीकडे होत्या. एका प्रतीखाली कुणीतरी होडीच्या बांधणीवरून किनारा ओळखला होता आणि दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला होता. अर्जदाराचे मला रोज निरोप येऊ लागले. ते सर्व मी आज ठाण्यात दाखवले आहेत. त्यात ‘कुठे’ पुष्कळदा विचारले आहे. ती बरी आहे का, असे कुठेही विचारलेले नाही.

माझ्या आधी अर्जदार तिथे पोहोचतील या भीतीने मी बंदरावर जायला निघाले. भावाला सांगितले, वहिनीला सांगितले, आणखी कुणाला सांगितले नाही. या प्रवासात कॅमेरा नेला नाही.

ती बाई कारखान्यातच होती. मी तिला म्हटले, “तुमचे यजमान माझ्या घरी आले होते.”

तिने ब्रश पुसला. रंगाच्या डब्याचे झाकण लावले आणि ते चहूबाजूंनी दाबून पाहिले. मग विचारले, “एकटे?”

“सासूबाई होत्या बरोबर. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, तिथवर आल्या.”

“आई जिना चढून आल्या? त्यांचे गुडघे दुखतात.”

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही विचारून काढला होता. मीच हो म्हटलं.” दुसऱ्या गावी माझ्या ओळखी आहेत, आजच्या आज सोय करते, असे मी सुचवले. ती फळीवर बसली. “आल्यावर मी किती दिवस अनोळखी माणूस दिसला की गल्ली बदलायचे. आता इथं मला सगळे रंगारीण म्हणतात. होडी आली की आधी मला हाक मारतात. आता कुठं जाऊ? आणि किती वेळा?”

एवढ्यात मालक काय झाले ते बघायला आले. तिने त्यांना सांगितले, “माझा नवरा शोधतोय मला.” नवरा आहे हे त्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हते असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. ते म्हणाले, “मग? सुट्टी पाहिजे का?”

“पाहिजे. पोलिसांत जायचंय.”

“जा. आणि हे बघ, फळी पडू दे तशीच. येऊन उरलेलं कर.”

मी तिच्यासोबत तिथल्या पोलीस ठाण्यात गेले. लिहून घेणाऱ्या महिला अधिकाऱ्यांना ती म्हणाली, “मी हरवलेली नाही. निघून आलेय. कुणी पळवलं नाही, कुणी फूस लावली नाही. मला परत जायचं नाही आणि माझा पत्ता त्यांना द्यायचा नाही.” पुढचे बोलायच्या आधी तिने मला बाहेर थांबायला सांगितले. मी बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने ती आली. तिचे तोंड धुतलेले होते. तिचा जबाब त्या ठाण्याकडून इकडे येणार आहे.

निघताना तिने मला एकच काम सांगितले. “आईंना विचारा, माझ्याकडे येतात का. खोली एकच आहे म्हणावं, पण जिना नाही.”

मी घरी परतले तेव्हा समजले की मागे अर्जदार येऊन गेले होते. माझ्या खोलीत जायचे म्हणून ते वाद घालू लागले आणि भावाने जिन्यात अडवले तेव्हा झटापट झाली. भावाचा चष्मा फुटला व भुवईवर खोक पडली. दाराबाहेरच्या कुंड्या फुटल्या. भावाला तक्रार द्यायची नाही. तो म्हणतो, “चष्म्याचा नंबर बदलायचाच होता.” परंतु हे सांगताना त्याने वहिनीचा हात सोडला नव्हता. माझी तक्रार आहे व ती मी वेगळी देत आहे.

अर्जदाराने दिलेल्या अर्जाबद्दल मला विचारण्यात आले. मी त्यांच्या पत्नीला लपवून ठेवले हे खरे नाही. पानाची प्रसिद्धी व्हावी म्हणून हा प्रकार केला हेही खरे नाही. उलट तेव्हापासून मी पानावर काही टाकलेले नाही. लोक विचारतात, ताई, आता कुठे आहात? मी उत्तर दिलेले नाही. बंदराचे नाव मी ठाणे अंमलदारांना तोंडी सांगितले आहे. ते अर्जदाराच्या हाती जाईल अशा कोणत्याही कागदावर येऊ नये अशी माझी विनंती आहे.

कडीची आणि चपलेची गोष्ट मी अर्जदाराच्या आईच्या संमतीने सांगितली आहे. सुनेचा निरोप मी वहिनीमार्फत बाजारात त्यांना पोहोचवला होता. त्यांनी तेव्हा उत्तर दिले नाही, भाजी घेऊन निघून गेल्या, असे वहिनीने सांगितले. आज सकाळी अर्जदार दुकानात गेल्यावर त्या बसने एकट्याच आमच्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी होती. खालूनच मला हाक मारून म्हणाल्या, “आज ठाण्यात तुझा जबाब आहे, असं तो म्हणत होता. चल, मीही येते. माझं मला सांगू दे. तू सांगितलंस तर तो म्हणेल, बनवून सांगितलं.”

मी त्यांना म्हटले की, चपलेबद्दल पोलीस तुम्हालाच उलट प्रश्न विचारतील.

“विचारू देत. नऊ वर्षं मला कुणी काही विचारलंच नाही.”

वहिनी म्हणाली, “पण मावशी, पोटचा मुलगा आहे तुमचा.”

“आहे ना,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर एवढे दिवस गेले.” त्यानंतर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि मी चपला घालेपर्यंत उठल्या नाहीत.

त्या आता बाहेर बाकावर बसलेल्या आहेत. त्यांचाही जबाब घेण्यात यावा. त्यांना नीट बसता येईल अशी पाठीची खुर्ची द्यावी. जबाब झाल्यावर त्या मुलाच्या घरी परत जाणार नाहीत. त्यांना मी माझ्यासोबत नेणार आहे.

विचारल्यावरून सांगते की, आज ठाण्याच्या आवारात मी एक फोटो काढला हे खरे आहे. तो काढायला अर्जदाराच्या आईनेच सांगितले. “तिला पाठव,” असे त्या म्हणाल्या, “नाहीतर मी निघालेय यावर तिचा विश्वास बसायचा नाही.” त्या फाटकाजवळ उभ्या राहिल्या. पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली. हसा, असे मी कुणालाही सांगत नाही, त्यांनाही सांगितले नाही. हा फोटो मी एकाच व्यक्तीला पाठवला आहे. तो पानावर टाकलेला नाही व टाकणार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे, कमीजास्त काही केलेले नाही. तो खरा आहे म्हणून खाली सही करते.