दाराकडे तोंड केलेला स्पीकर

(चित्रप्रदर्शनाचा हॉल. बाबा शिडीवर चढून दिवे जोडतायत. मुलगी खाली शिडी धरून उभी.)

बाबा : बाकीच्या आगी, वटवाघळं, फाटलेली आभाळं राहू देत. दादाच्या गाण्यांवरून काढलीयस, कळतं मला. हे एवढं एक चित्र उतरव.

मुलगी : संध्याकाळी उद्घाटन आहे, बाबा.

बाबा : म्हणूनच आत्ता सांगतोय. यातल्या त्या पोरीचं अजून लग्न व्हायचंय. गेलेल्या माणसाच्या खोलीत तिला असं भिंतीवर टांगू नये. शिवाय चित्र चुकलंय.

मुलगी : काय चुकलंय?

बाबा : पलंगावर तुम्ही दोघी, कोपऱ्यात दादा, आणि स्पीकरचं तोंड दाराकडे. जन्म गेला माझा वायरिंगमध्ये. ऐकणारा माणूस स्पीकर स्वतःकडे वळवतो.

मुलगी : ते गाणं ऐकण्यासाठी नव्हतंच.

बाबा : ते खरंय. कुणीतरी गळा काढतोय आणि मागे पत्रे आपटतायत. शेजारी विचारायचे, तोडफोडीचं काम काढलंय का. मी हो म्हणायचो.

मुलगी : हसवू नका. आतलं बोलणं तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून वळवायचा तो.

बाबा : कुणाचं बोलणं?

मुलगी : माझं आणि तिचं. पंधरा वर्षांची होते मी. आवडते मला ती, असं दादाला सांगितलं. तो उठला आणि आवाज वाढवला.

बाबा : ती त्याच्याकडे यायची.

मुलगी : माझ्याकडे यायची.

बाबा : अगं, तिच्यावरून किती बोललो मी त्याला. परीक्षा तोंडावर आणि साहेब पोरी घरी आणतात म्हणून. मुकाट ऐकून घ्यायचा.

मुलगी : मी म्हणायचे, सांगून टाकते. तो म्हणायचा, थांब, बाबांचा राग माझ्यावरच राहू दे, त्याला रस्ता पाठ आहे.

बाबा : आणि तो गेला त्या दिवशी मी तिला जवळ घेऊन रडलो. होणारी सून म्हणून.

मुलगी : माहितीये. शेजारीच उभी होते. सगळे तिला धरून होते, मला चहा टाकायला सांगितलं.

बाबा : मीच सांगितलं का?

मुलगी : कुणी का सांगेना. टाकला मी.

बाबा : त्याचा तो कवटीचा शर्टही तिला दिला. इस्त्री करून. अर्धी कवटी इस्त्रीलाच चिकटली.

मुलगी : जपून ठेवलाय तिने. आज परत आणतेय. म्हणते, चुकीच्या नात्याने घेतला.

बाबा : आज येतेय?

मुलगी : हो. मी या चित्राला हात लावणार नाही. उतरवायचंच असेल तर शिडीवर तुम्ही आहात.

बाबा : तिला फोन लाव.

मुलगी : काय सांगू?

बाबा : परत कशाला आणतेस म्हणावं. घालून ये.