सर नाहीत, तुम्ही बोला

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य माननीय कुलदीप सर, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, कॉलेजची नवी वेबसाइट ज्यांच्या हातून उभी राहिली त्या संगणक विभागाच्या प्रणाली मॅडम, सर्व प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, पालक आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना माझा सप्रेम जय भीम.

मी दहावी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. मला माईकवर बोलायची सवय नाही, फोनवर बोलायची आहे. मध्येच 'हॅलो, ऐकू येतंय का' म्हणाले तर हसू नका.

तुम्ही मला शाल दिलीत, रोप दिलंत आणि निरोपही दिलात. एक दिवसही नोकरी न केलेल्या बाईला कॉलेजनं निरोप दिला, असं कुठं घडलंय का? ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. माझे मिस्टर रत्नपाल इथं मुख्य लिपिक होते. कॉलेजची जुनी वेबसाइट झाली तेव्हा रस्त्याच्या खोदाईत ऑफिसच्या फोनची वायर तुटलेली होती. संपर्कासाठी नंबर हवा म्हणून यांनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला. 'चार दिवसांसाठी,' म्हणाले. पुढं तोच नंबर माहितीपत्रकावर गेला, माणगावच्या स्टँडवरच्या फलकावर गेला. मग हेच गेले. वेबसाइटवर मात्र नाव तसंच राहिलं, 'संपर्क : रत्नपाल सर.'

यात कोणाला दोष देऊ नये. आपल्या घरावरची पाटी आपण कधी वाचतो का? ती येणारा वाचतो.

यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजला. एक आई बोलत होती.

"सर हायत का?"

मी म्हटलं, "सर नाहीत, तुम्ही बोला."

"पोरीचं अ‍ॅडमिशन करायचंय. तुम्ही कोण?"

"मी घरातली."

"कॉलेजच्या घरातली?"

किती दिवसांनी मला हसू आलं! हे घरी जेवताना फोनवर बोलायचे, ते ऐकून कोणते कागद लागतात ते मला पाठ होतं. ते सांगितलं. जे येत नव्हतं ते ऑफिसात विचारून परत फोन करून सांगितलं. ऑफिसातल्यांना वाटायचं, वहिनी कोणा नातेवाइकासाठी विचारतायत. माझे नातेवाईक फार आहेत, असं त्यांचं मत झालं असणार.

माझी नणंद सखुबाई पुढं बसलीय. ती म्हणायची, "चंदे, माणूस गेला नि त्याच्या फोनला तू जेवू घालतेस होय? बंद कर तो!" वन्सं, तुमचं म्हणणं रास्त होतं. मी चहात साखर मोजून घालणारी बाई. पण तो रिचार्ज मी कधी खर्चात धरला नाही. मुलगी नव्या मुंबईला असते, तिला तिचा संसार आहे. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की आमच्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसतो. त्या वेळी फोन वाजायचा. कोणीतरी विचारायचं, "सर हायत का?" आणि मी म्हणायचे, "सर नाहीत, तुम्ही बोला." त्यात मी खोटं काही बोलत नव्हते. पण सर स्टँडपर्यंत गेलेत, येतील इतक्यात, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. कधी कधी मलाही वाटायचं.

असो. नव्या वेबसाइटसाठी चार शब्द सांगा, असं मॅडम म्हणाल्या. फोनवर लोक काय विचारतात तेवढंच मी सांगू शकते.

इमारत किती भव्य आहे, हे मला कोणी विचारलं नाही. दिघीकडची रुचिका नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांनी विचारलं, "बाई, पोरींच्या संडासाला कडी हाय का? शेवटचा तास सुटल्यावर एसटी मिळंल का?" वेबसाइटवर 'सुसज्ज भौतिक सुविधा' लिहिलं होतं. त्यात कडी आहे की नाही, हे बापाला कसं कळणार? फोटो पाहुण्यांच्या हारांचे थोडे कमी टाका, मुलींच्या खोलीचा एक टाका. एसटीची वेळ टाका. ती रुचिका आली आणि पुढच्या वर्षी तिच्या वाडीतल्या आणखी मुली घेऊन आली. याहून मोठी जाहिरात कोणती?

दुसरं, जुनी सूचना उतरवणं हेही कामच आहे. गेल्या वर्षीची तारीख वाचून एक बाप मजुरी बुडवून पोराला घेऊन आला होता. गेटपाशी उभं राहून त्यानं मला फोन केला, "बाई, हितं तर कुलूप हाय." अशा माणसाला काय सांगायचं?

आणि लागणारे कागद पहिल्याच पानावर, मराठीत असू द्या. खाडीकाठच्या गावांत रेंज जाऊन-येऊन असते, जड पान उघडत नाही. तिथं फक्त चक्र फिरत राहतं.

आता शेवटचं. प्रणाली मॅडम इथं नव्यानं आल्या. जुना नंबर चालतो का बघायला त्यांनी फोन लावला.

"रत्नपाल सर आहेत का?"

"सर नाहीत, तुम्ही बोला."

"मी कॉलेजमधूनच बोलतेय. सर कधी भेटतील?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. लोकांना माहिती हवी असायची, सर नको असायचे. मी फोन ठेवून दिला. मॅडमना मग ऑफिसातून सगळं कळलं. संध्याकाळी त्या घरी आल्या, यांच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काकू, आता तुमची सुटका. उद्घाटनानंतर नंबर काढून टाकते, चालेल ना?"

मी म्हटलं, "काढा की. तेवढाच मला आराम."

मॅडम, ते मी तोंडदेखलं बोलले. मला आराम नको आहे. आराम घरात पुष्कळ आहे.

ऑफिसचा नवा नंबर जरूर द्या. प्रश्नांना आपोआप उत्तर देणारी खिडकीही छान केलीय, मी विचारून बघितलं. पण मच्छी विकून, भाताची लावणी करून माणूस घरी पोचतो तेव्हा ऑफिसला कुलूप असतं आणि खिडकीत टाइप करायला त्याची बोटं धजत नाहीत. त्याला कोणीतरी 'बोला' म्हणायला हवं. म्हणून अध्यक्ष महाराज, माझी विनंती आहे. रत्नपाल सरांचं नाव काढा. ते आता येणार नाहीत, हे मला आज सगळ्यांसमोर म्हणू द्या. त्या जागी लिहा, 'संध्याकाळी विचारण्यासाठी : चंदाबाई.' जे मला येणार नाही ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारीन, आणि या वेळी कोणासाठी ते खरं सांगून विचारीन.

सत्काराला आले आणि मागणं मांडून बसले, हे रीतीला धरून नाही. तुम्ही सर्वांनी माझं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माणसं समोर बसवून बोलायची सवय नसल्यानं काही कमीजास्त निघून गेलं असेल, तर घरातली समजून पोटात घाला. विनंतीचं उत्तर अध्यक्षांनी आत्ता इथं द्यायची गरज नाही. संध्याकाळी फोन करा. मी घरीच असते.