लिस्बनचा धूर

किन्हवलीच्या थांब्यावर माझ्या शेजारच्या बाकावर जीवन आणि शीतल एसटीची वाट बघत होते. तो जहाजाच्या किचनमध्ये कामाला, सुट्टी संपवून निघालेला. त्याच्या मागणीला तिचा होकार अजून यायचा होता. मी पेपर उलटा धरला असता तरी दोघांना कळलं नसतं.

“आय बोलते, बोटीवरची मानसा घरी टिकत नाय.”

“आनि तू?”

“मी इचारते, लिस्बनला संध्याकाळची सुट्टी भेटली, तवा काय बघलास?”

“काय नाय.”

“येवढा जुना शहर, किल्ला, राजवाडं, आनि काय नाय?”

“चढावर एक म्हातारी पालापाचोळा जाळीत होती. पेरनीआधी आपन राब भाजतो ना शेतात, तोच वास गो! तितंच पायरीवर बसलो. खाली नदी सोन्यावानी, बोट बगळ्यायेवढी. वाटला, हाक मारली तर आय भाकर घेऊन येल.”

“आनि किल्ला?”

“अंधारात गेला.”

“येडाच हायेस.”

“राब भाजायला दर साल येनार मी. सायबाला सांगूनच बोटीच्या करारावर सही केली.”

एसटी आली.

“मंग आमचा पन राब भाजायला लागंल.”

“तुमचा कशाला?”

“चढ आता. गाडीत बसून इचार कर.”