मागच्या टायरच्या झिजलेल्या कडांबाबत

मी, टायरच्या दुकानाची मालकीण, वय ४७ वर्षे, धंदा मोटारसायकलचे टायर विकणे व बसवणे, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, आज सकाळी पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे. वळणावरच्या अपघातात जी मोटारसायकल होती ती चालवणारा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्या गाडीचे दोन्ही टायर मीच निवडले आणि मीच बसवले.

अपघात गेल्या आठवड्यात सकाळी झाला, तेव्हा मी तिथे नव्हते. नंतर जे कळले ते असे. गाड्या धुण्याच्या सेंटरजवळ रस्ता डावीकडे वळतो. तिथे भावाची गाडी घसरून आडवी झाली आणि कडेने चालणाऱ्या एका गृहस्थांच्या पायावर जाऊन वळणावरच्या भिंतीपाशी थांबली. हे गृहस्थ निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांच्या नडगीचे हाड मोडले. भावाचे गळपट्टीचे हाड मोडले. पोस्टमनकाकांना मी दवाखान्यात दोनदा भेटून आले. गाडी मागून आल्याने त्यांनी काही पाहिले नाही, त्यामुळे गाडी जोरात होती की हळू हे ते सांगू शकत नाहीत. मला म्हणाले, "नोकरीभर कुत्र्यांपासून पाय सांभाळला हो, आणि शेवटी हे." ते रागावलेले नव्हते. त्यांची सून रागावलेली होती आणि तिचे बरोबर होते. मी दोघांची माफी मागितली. भावाच्या वतीने मागितली, कारण तो स्वतः तेव्हा पलंगावर होता.

भावाचा व्यवसाय विचारल्यावरून सांगते की, तो शाळेची बस चालवतो. निष्काळजीपणे आणि बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झाला तर त्याचा परवाना जाईल, आणि परवाना गेला की बस गेली. त्याला दुसरे काही येत नाही. हे मी त्याची बहीण म्हणून सांगते, त्याला कमी लेखायचे म्हणून नाही. गतिरोधकावरून बस अशी नेतो की मागच्या सीटवर झोपलेले मूल जागे होत नाही. पालक म्हणतात, जरा लवकर आणत जा. हा म्हणतो, लवकर हवं तर लवकर उठवत जा.

भावजयीने मला सांगितले की, पोलिसांनी गाडीचा पंचनामा केला त्यात मागच्या टायरच्या दोन्ही कडा पार टोकापर्यंत झिजलेल्या आहेत असे लिहिले आहे. अशा कडा फक्त गाडी खूप वाकवून, वेगाने वळणे घेणाऱ्याच्या झिजतात, असे धरले जाते. त्यावरून तो रस्त्यावर शर्यत लावत होता असा निष्कर्ष निघाला. त्याच्याबरोबर गाड्या पळवणाऱ्या चार मित्रांनीही जबाब दिले आहेत. त्यांनी सांगितले की आमच्यात हाच सगळ्यात जोरात वळतो, टायर बघा म्हणजे कळेल. त्यांना वाटले आपण मित्राचे कौतुक करतोय. अक्कल गहाण ठेवून कौतुक केले, दुसरे काय. आणि भावाने स्वतः दवाखान्यात सांगितले की वळणावर मी नव्वदच्या वेगात होतो. त्यावर त्याची सही आहे. तो हे सांगत असताना चौघे पलंगाभोवती उभे होते. भावजय म्हणाली, "ताई, नव्वद? हे नव्वदवर गेले असते तर मी माहेरी गेले असते." हे बोलून ती रडायला लागली.

टायर कसे निवडले ते सविस्तर विचारल्यावरून सांगते. शहराबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक आहे. तिथे काही रविवारी पैसे भरून कोणालाही आपली गाडी पळवता येते, समोरून कोणी येत नाही, माणसे आडवी येत नाहीत. त्याला ट्रॅक डे म्हणतात. भावाने जुनी पण चांगली स्पोर्ट्स गाडी घेतली आणि महिन्यातून एकदा तिथे जाऊ लागला. बाकी सगळे दिवस तीच गाडी घेऊन तो बसच्या डेपोवर जातो. त्याला एकच जोडी टायर हवे होते, दोन्हीकडे चालणारे. हा प्रश्न माझ्या दुकानात रोज कोणीतरी घेऊन येतो.

मी त्याला जे सांगितले तेच इथे सांगते. ट्रॅकचा टायर नरम असतो. तापला की रस्त्याला चिकटतो. पण तो तापायला ट्रॅकवरची पळापळ लागते. डेपोपर्यंत जाताना तो थंडच राहतो, आणि थंड असला की दगडासारखा. वर त्याला खाचा कमी, म्हणजे ओल्या रस्त्यावर बोंबच. लांब प्रवासाचा टायर कडक असतो, पाण्यात चांगला, टिकतोही भरपूर, पण ट्रॅकवर काही फेऱ्यांत इतका तापतो की सटकायला लागतो. तिसरा प्रकार मधला. मध्यभागी कडक रबर, कारण सरळ रस्त्यावर तेवढेच टेकते. कडांना नरम, कारण वळताना त्या टेकतात. ट्रॅकवर पहिला नंबर येणार नाही, पण घरी परत येशील, असे मी म्हणाले. तो म्हणाला, "ताई, सगळ्यांकडे ट्रॅकचेच आहेत. पोरं हसतील." मी म्हणाले, "हसू देत. हसण्याने टायर फुटत नाही." तो म्हणाला, "तुला नाही कळणार." मी म्हणाले, "टायरमधलं मला नाही कळत तर मग उठ, दुसऱ्या दुकानात जा." तो उठला नाही. मधले टायर बसवून घेतले आणि चहा पिऊन गेला.

इथे मुद्द्याचे सांगा असे मला ठाण्यातल्या साहेबांनी सांगितले. मुद्दा हाच आहे. ट्रॅकवर येणाऱ्या मंडळींची, त्यात हे चार मित्रही आले, एक पद्धत आहे. दिवस संपला की गाड्या स्टँडवर लावतात, हातात चहा घेतात आणि एकमेकांचे मागचे टायर बघत फिरतात. गाडी जितकी वाकवाल तितकी कड जमिनीला लागून खरबरीत होते. न वाकवणाऱ्याच्या कडेला नव्या रबराचा गुळगुळीत पट्टा तसाच राहतो. तो पट्टा बोटांनी मोजतात. एक बोट राहिला तर चालते. माझ्या भावाचा दोन बोटे राहिला. त्या दिवसापासून त्याचे नाव दोनबोट्या पडले. फोनवर, चहाच्या टपरीवर, एकदा तर त्याच्या मुलीसमोर. मुलीने घरी येऊन विचारले, बाबा, तुमची बाकीची बोटं कुठे गेली म्हणतात ते? तो हसला. ते हसणे मी पाहिले आहे आणि मला त्या चौघांचा फार राग आला होता.

मी स्वतः एकदा त्याच्याबरोबर ट्रॅकवर गेले होते. तिथे इंडिकेटरवर चिकटपट्टी लावायला सांगतात. माझा भाऊ चिकटपट्टीच्या आत इंडिकेटर देत होता. प्रत्येक वळणाला पट्टीखाली लुकलुक. वळणाआधी आरशात बघत होता, आरसे काढून ठेवले होते तरी. त्याच्या मागून येणारे सगळे पुढे गेले. तो उतरला तेव्हा घामाने भिजला होता आणि इतका खूश होता की मी नुसती पाण्याची बाटली पुढे केली. दिवसभर चाळीस मुलांना सांभाळून नेणाऱ्या माणसाला एवढी मोकळीक मिळाली तर माझे काय जाते, असे मला वाटले.

पुढची हकिकत मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेली नाही. एका रविवारी दुपारी दुकान बंद होते. मी चष्मा विसरले म्हणून खाली गेले. शटर अर्धे खाली होते. दुकानाची एक किल्ली भावाकडे असते. त्याने गाडी स्टँडवर चढवली होती, मागचे चाक एका हाताने फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने टायरची कड सँडपेपरने घासत होता. जमिनीवर काळा भुगा पडला होता. मी म्हणाले, "काय रे, दाढी करतोयस का त्याची?" तो दचकला. मग खाली बघूनच म्हणाला, "ताई, कोणाला सांगू नकोस." मी विचारले, कोणाला म्हणजे? म्हणाला, "कोणालाच." मी हो म्हणाले. मला हसू येत होते, पण त्याच्याकडे बघून ते आले नाही. मी त्याला केरसुणी दिली आणि वर गेले.

त्यानंतरच्या ट्रॅक डेला पट्टा उरलेला नव्हता. चौघांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि दोनबोट्या म्हणणे बंद झाले. याने कोणाचे काही बिघडले असे मला वाटत नाही. टायर थोडा आधीच बदलावा लागला असता, एवढेच.

आज सकाळी साहेबांच्या परवानगीने ठाण्याच्या आवारात ठेवलेली गाडी मी पाहिली. ट्रॅकवर तापून झिजलेल्या कडेवर रबराच्या बारीक सुरकुत्या पडतात, वळ्या जमतात. या टायरच्या कडेवर वळ्या नाहीत, सरळ ओरखडे आहेत. साहेबांनी स्वतः बॅटरी धरून ते पाहिले. गाडीला खरचटले आहे ते हँडलच्या टोकाला आणि पाय ठेवायच्या खुंटीला, तेही थोडेच. नव्वदच्या वेगाने घसरली असती तर ती त्या वळणावरच्या भिंतीपाशी नाही, भिंतीत सापडली असती. वळणावर मी काल जाऊन आले. गाड्या धुण्याच्या सेंटरमधून साबणाचे पाणी रस्त्यावर वाहते. माझ्यासमोर एक सायकलवाला तिथे पाय टेकून उतरला आणि सायकल हातात धरून पुढे गेला. साबणावर कोणताच टायर धरत नाही. मी निवडलेलाही नाही. ते मला लागले आहे, पण ते खरे आहे.

भावाला न विचारता का आले असे विचारल्यावरून सांगते की, विचारले होते. काल संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन त्याला म्हणाले, खरं सांगून टाक. त्याने भिंतीकडे तोंड केले. म्हणाला, "परवाना जाऊ दे. दुसरं काहीतरी बघीन." मी म्हणाले, दुसरं काय बघशील? चाळिशीला आलेला माणूस, घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी, आणि त्याला टायरची कड परवान्यापेक्षा मोठी वाटते. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. नंतर जिन्यावर मी बराच वेळ उभी होते, कारण मला त्याची दयाही आली. मी त्याला दिलेला शब्द आज मोडला आहे. तो माझ्याशी बोलणे सोडेल हे मला माहीत आहे. चालेल.

साहेबांनी मला सांगितले की, तुम्ही सख्खी बहीण आहात, तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार असे समोरचा म्हणेल. तुमच्या भावाची सही नव्वदवर आहे, तोवर तुमच्या सांगण्याने फार फरक पडणार नाही. हे मला समजले. तरीही माझा जबाब लिहून घ्यावा असे मी म्हणाले.

जबाब लिहून होत असताना माझा भाऊ हजेरी देण्यासाठी ठाण्यात आला. हात गळ्यात असल्यामुळे त्याला चौघा मित्रांनी आणले होते. ते पाचजण बाहेर बाकावर बसले. लिहून घेणाऱ्या जमादारांनी मला विचारले, आता मोठ्याने वाचायचं आहे, दार लोटून घेऊ का? मी आधी हो म्हणाले. मग म्हणाले, राहू दे.

जमादारांनी जबाब सुरुवातीपासून वाचला. दोनबोट्या हे नाव आले तेव्हा बाहेर एकजण हसला. सँडपेपरचे आले तेव्हा कोणी हसले नाही. मी दाराकडे पाठ करून बसले होते. सायकलवाल्याचे वाचून होत होते तेवढ्यात भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि जमादारांना म्हणाला, "साहेब, एक दुरुस्ती करा. तिला अर्धंच माहीत आहे. मी पुढचा टायरपण घासला होता. पुढचा कोणी बघत नाही, तरी घासला. आणि गाडी पंचवीसवर होती. माझा जबाब पुन्हा घ्या." मागे बाकावरचे चौघे ऐकत होते. साहेबांनी त्याला खुर्ची दिली.

वरील दुरुस्ती भावाच्या सांगण्यावरून, त्याच्या मित्रांच्या समक्ष, माझ्या या जबाबात घेतली आहे. पुढच्या टायरबाबत मला आधी काही माहीत नव्हते. बाकीचा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे, म्हणून खाली सही करते.