आमच्या आंगणातला स्टेक

सांगतो, पण हसायचं नाही. बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच नागपूरचे जावई जेवायला येणार होते. मी कधी तोंड उघडत नाही, पण फोनवर बोलून गेलो, "भाऊजी, या बारीले मी तुम्हाले स्टेक खाऊ घालतो."

आमच्याकडे मटण घरात शिजत नाही, आंगणातल्या चुलीवर बाबाच शिजवतात. त्यांचा रस्सा उकळत होता. बाजूला मी तवा तापवून बकऱ्याच्या मांडीचा जाड तुकडा मोबाइलमध्ये पाहिला तसा भाजला आणि ताटलीत झाकून ठेवला.

"बाबा, दहा मिनिटं याले हात लावू नका," असं बजावून जावयांना आणायला फाट्यावर गेलो.

परत आलो तर ताटली रिकामी.

"अरे, आतून लालच होता," बाबा म्हणाले. "जावयाले कच्चं वाढतेत काय? बारीक करून टाकला रश्श्यात."

"तो तसाच खातेत, बाबा!"

"वाघ खाते तसा."

जावयांनी रश्श्यासोबत तीनदा भात घेतला. बाबा कौतुकानं म्हणाले, "पोरानं केला, ते काय म्हणते, स्टेक."

हात धुताना जावयांनी माझी पाठ थोपटली. "मस्त जमला बे स्टेक! फक्त तिखट जरा कमी टाकत जा."