मंगळवारची नोंद

सुहासिनी : मग मंगळवारी पाच ते सहा तुम्ही गच्चीवरच्या खोलीतच होता?

मार्तंड : हो. रेडिओवर. वहीत नोंद आहे, बघ.

सुहासिनी : बघितली. कोलंबो, सिंगापूर. पुढे 'आवाज स्वच्छ'.

मार्तंड : मग झालं तर.

सुहासिनी : शेजारची चेतना पापड उचलायला वर गेली होती. म्हणाली, काकांच्या खोलीतून हूं की चूं नाही.

मार्तंड : हेडफोन लावतो मी. अख्ख्या मुलुंडला ऐकवू का?

सुहासिनी : तुमच्या रेडिओ क्लबातली अनुपमाही मंगळवारी कुठे सापडत नव्हती म्हणे.

मार्तंड : काहीतरीच काय, सुहास. या वयात?

सुहासिनी : वयाचं मला सांगू नका. आणि हौशी रेडिओचा, हॅमचा परवाना माझ्याकडेही आहे, विसरलात? मंगळवारी सूर्याचं वादळ होतं. आपल्या लहरी खाली परत पाठवणारा वरचा थर पार विस्कटलेला, पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा हललेलं. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत कुणालाही बाहेरचं अक्षर ऐकू आलं नाही. क्लबाच्या ग्रुपवर दिवसभर तेच चाललं होतं. आणि तुम्हाला सिंगापूर स्वच्छ?

मार्तंड : ग्रुप मी बघत नाही.

सुहासिनी : ग्रुप सोडा. नुसता रेडिओ लावला असता तरी कळलं असतं. सगळीकडे खरखर. म्हणजे तुम्ही तिथे नव्हताच.

मार्तंड : तिथेच होतो गं.

सुहासिनी : चाळीस वर्षांत माझ्या तोंडावर खोटं बोलला नव्हता तुम्ही.

(ती पाठ फिरवून खिडकीशी जाते.)

सुहासिनी : कुठे होता ते सांगा. मी आरडाओरडा करणार नाही. अहो, विचारतेय मी. चहात चमचा काय वाजवत बसलाय?

मार्तंड : काही म्हणालीस?

सुहासिनी : (त्याच्याकडे वळून) ...कधीपासून?

मार्तंड : मार्चपासून. समोर तोंड दिसलं की ओठांवरून कळतं. हेडफोनमध्ये मला रोजच नुसती खरखर असते, सुहास. मंगळवारी ती सगळ्यांनाच होती, हे मला कसं कळणार?

सुहासिनी : मग रोजच्या नोंदी?

मार्तंड : जुन्या वहीतून उतरवल्या. नाहीतर क्लबानं पुराच्या ड्यूटीवरून माझं नाव काढलं असतं.

सुहासिनी : काढायलाच हवं. कुणी अडकलेला माणूस हाक मारत राहील आणि इकडे तुम्ही...

मार्तंड : माहीत आहे मला. झोप लागत नाही त्यानं.

सुहासिनी : उद्यापासून हेडफोन माझ्याकडे. मी ऐकेन, तुम्ही लिहा. आधी तो मंगळवार खोडा.

मार्तंड : मग मार्चपासूनची सगळी पानं खोडावी लागतील.

सुहासिनी : पेन घ्या. मी बसते शेजारी.