फुकटचा केक

टोलीडोमधल्या स्टेक-लॉबस्टरच्या हॉटेलात टेबलासाठी ताटकळत बसलो होतो. शेजारच्या बाकावर गळ्याशी टाय आवळलेला नवरा आणि त्याची बायको.

"डार्ला, तुझा वाढदिवस आहे म्हणून सांग. केक फुकट देतात."

"आपण तर तुझ्या निवृत्तीसाठी आलोय ना, मर्ल?"

"निवृत्तीला नुसत्या टाळ्या. वाढदिवसाला चॉकलेट केक, वर मेणबत्ती!"

"मग तुझाच सांग."

"खोटं बोललो की माझे कान लाल होतात. तू जरा लाजल्यासारखं कर. वेटर गाणं म्हणताना डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

"पाण्याची काळजी करू नकोस. आज तारीख किती, मर्ल?"

"तारखेचं काय घेऊन बसलीस? स्टेक की लॉबस्टर, ते ठरव."

दारावरची मुलगी यादी घेऊन आली.

"आज काही खास?"

"माझा वाढदिवस."

"अरे वा! फक्त लायसन्स दाखवावं लागेल हं."

डार्लाने पर्समधून ते काढून दिलं.

"खरंच की, आजच! साठ पूर्ण! अभिनंदन, मॅडम!"

मर्ल बायकोच्या कानाशी वाकला.

"कमाल आहे तुझी! हे बनावट लायसन्स कधी करून घेतलंस?"